चाळीस हजारांची मर्यादा आणि ३५४ रुपयांची थकबाकी : ऐरोलीतील एक प्रकरण

ऐरोलीत राहणाऱ्या आणि रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करणाऱ्या एका एकोणचाळीस वर्षांच्या बाईंनी आपल्या क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून मागितली. हे कार्ड ठाण्यातील एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या नावाने निघालेले होते. फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२४ या सात महिन्यांत त्यांची विनंती तीन वेळा नाकारली गेली. चौथ्या वेळी, मे २०२५ मध्ये, ती मान्य झाली. या दोन टोकांमध्ये त्यांचा पगार वाढला नव्हता, नोकरी बदलली नव्हती आणि कुणाची ओळखही कामी आली नव्हती. नेमके काय बदलले हे कागदोपत्री तपासता येते, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

मी बावीस वर्षे एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो. निवृत्तीनंतर आमच्या सेक्टरमधील कुणी कर्जाचे किंवा कार्डाचे कागद घेऊन आले, तर ते वाचून त्याचा अर्थ सांगणे एवढेच काम मी करतो. प्रस्तुत बाईंचा उल्लेख मी ‘ताई’ असा करणार आहे. त्यांनी संमती दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कार्ड देणाऱ्या बँकेचे, स्टोअरचे आणि पुढे येणाऱ्या वित्त कंपनीचे नावही देत नाही.

कार्ड घेतले गेले ते २०२१ च्या दिवाळीत. कपड्यांच्या बिलासाठी रांगेत उभ्या असताना काउंटरशेजारी टेबल मांडून बसलेल्या मुलाने पाचशे रुपयांच्या व्हाउचरचे आमिष दाखवले, आधार आणि पॅन विचारले आणि मासिक पगार किती असे विचारून तो टॅबलेटवर भरला. ताईंनी २४,००० सांगितले आणि ते खरेच होते, कारण टाळेबंदीच्या काळात कारखान्याने केलेली पगारकपात तोवर उठली नव्हती. पुढे चार महिन्यांत ती उठली, दोन बढत्या मिळाल्या आणि २०२४ पर्यंत हातात येणारा पगार ४७,५०० रुपयांवर गेला. परंतु पगाराचे खाते दुसऱ्या बँकेत होते, त्यामुळे कार्ड देणाऱ्या बँकेला यातले काहीही दिसत नव्हते. त्या टॅबलेटवर भरलेला आकडा तीन वर्षे तसाच राहिला आणि त्यावर बेतलेली ४०,००० रुपयांची मर्यादाही तशीच राहिली.

कार्डावर स्टोअरचे नाव ठळक सोनेरी अक्षरांत होते आणि बँकेचे नाव खालच्या कोपऱ्यात बारीक. ताई तीन वर्षे त्याला ‘दुकानाचं कार्ड’ म्हणत होत्या. या एका गैरसमजातून पुढची बरीचशी गुंतागुंत झाली. आपल्याकडे अशी कार्डे भागीदारीची असतात : कर्ज बँकेचे आणि नाव, सवलती व गुण (रिवॉर्ड पॉइंट) दुकानाचे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आणि त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झालेल्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत भागीदार कंपनीची भूमिका कार्डाचा प्रचार, वितरण आणि आपला माल वा सेवा उपलब्ध करून देणे एवढीच ठरवली आहे, आणि ग्राहकाच्या व्यवहारांची माहिती तिला पाहता येणार नाही असेही स्पष्ट केले आहे. म्हणजे मर्यादा वाढवणे तर सोडाच, ताईंनी कार्डावर महिन्याला किती खर्च केला हेही स्टोअरला बँकेकडून कळण्याची सोय नाही.

ही माहिती नसल्याने ताईंनी पहिला सल्ला विचारला तो स्टोअरमधल्या एका पर्यवेक्षकाला. त्याने सांगितले, “मॅडम, कार्डावर जास्त शॉपिंग करा, लिमिट आपोआप वाढेल.” तो मुलगा खोटे बोलत होता असे मला वाटत नाही, त्यालाही कुणी तरी तसेच शिकवले असणार. पण हे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकीचे होते. मर्यादा आपोआप वाढूच शकत नाही, कारण ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय ती वाढवायला वरील निर्देशांनुसार बँकेला मनाई आहे. आणि जास्त खरेदी केल्याने ताईंचे प्रकरण सुधारले नाही, उलट बिघडले.

ते कसे बिघडले हे ताईंच्या वहीत दिसले. हिशेब विभागात काम करणारी बाई असल्यामुळे त्यांनी कार्डाच्या खर्चाची स्वतंत्र वही ठेवली होती. दोनशे पानी, वर मुलीच्या शाळेचे जुने लेबल, आत लाल शाईने आखलेले रकाने : तारीख, वस्तू, रक्कम आणि शेवटी नाव. हा नावांचा रकाना कशाला, असे विचारल्यावर कळले की ऑफिसमधल्या सहा-सात जणी सेल लागला की ताईंच्या कार्डावर खरेदी करत असत. कार्डावर दहा टक्के सूट मिळे, गुण ताईंच्या खात्यात जमा होत आणि मैत्रिणी पैसे यूपीआयने पाठवत. जास्त शॉपिंग करायची तर ती अशी, असे ताईंना वाटले. ऑक्टोबर २०२४ च्या पानावर बिलाची एकूण रक्कम ३५,२८० रुपये होती. शेवटच्या रकान्यातल्या नावांप्रमाणे मी बेरजा केल्या, तेव्हा ताईंच्या घरचा खर्च ११,४५० रुपये निघाला आणि उरलेले २३,८३० रुपये इतरांचे.

४०,००० च्या मर्यादेत ३५,२८० म्हणजे ८८ टक्के वापर. ११,४५० म्हणजे २९ टक्क्यांच्याही आत. कर्ज देणाऱ्या संस्था साधारणपणे तीस टक्क्यांपर्यंतचा वापर निर्धोक समजतात आणि ऐंशी-नव्वदच्या घरात गेलेला वापर हा माणसाची ओढाताण चालल्याचा संकेत मानतात. बिल दर महिन्याला पूर्ण भरले जात असले तरी हा संकेत पुसला जात नाही, कारण पत-अहवालात, म्हणजे सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या ठेवतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, जी रक्कम जाते ती भरण्यापूर्वीची असू शकते. ताईंच्या अहवालातली कार्डाची रक्कम त्यांच्या १२ तारखेच्या स्टेटमेंटशी रुपयापर्यंत जुळत होती. बिल त्या महिनाअखेरीस भरत होत्या. अहवाल वाचणाऱ्याला मात्र एवढेच दिसत होते की ही बाई दर महिन्याला मर्यादेच्या काठावर असते.

ज्या खर्चामुळे मर्यादा अपुरी वाटत होती, त्यातला दोन तृतीयांश खर्च ताईंचा नव्हताच. हे आकडे त्यांच्यासमोर ठेवले तेव्हा त्या बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनीच २०२३ च्या दिवाळीचे पान उघडून दाखवले. त्या महिन्यात नऊ हजारांची खरेदी केलेली एक सहकारी नोकरी सोडून गेली आणि पैसे आलेच नाहीत. बिल ३८,२०० चे होते. सणाच्या दिवसांत तेवढे पैसे हाताशी नसल्याने ताईंनी ‘मिनिमम ड्यू’ म्हणजे पाच टक्के, १,९१० रुपये भरले आणि उरलेले पुढच्या महिन्यावर ढकलले. महिना साडेतीन टक्के दराने ३६,२९० वर ढोबळ हिशेबाने १,२७० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २२९ रुपये पडले. शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून घेतलेल्या किराण्यावरही व्याज सुरू झाले, ते वेगळेच. मैत्रिणींच्या सवलतीचा भार कुणी उचलला हे त्या पानावर लिहिलेले होते. वर्षाला बेचाळीस टक्के पडणाऱ्या या दराला कायद्याने काही कमाल मर्यादा असेल, असे अनेकांना वाटते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती खरी, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला, आणि तोही आम्ही ताईंचे कागद जमवत असतानाच.

तीन नकार

पहिली विनंती ताईंनी फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकेच्या ॲपवरून केली. “सध्या आपण पात्र नाही” एवढे एक वाक्य आले. दुसरी मे महिन्यात ग्राहक सेवा केंद्राला फोन करून. “सिस्टीम अलाऊ करत नाही, सहा महिन्यांनी प्रयत्न करा” असे उत्तर मिळाले. तिसरी ऑगस्टमध्ये, ट्रान्स-हार्बरने दोन स्टेशने पलीकडे ठाण्याला जाऊन, स्टोअरच्या ग्राहक कक्षात हाताने लिहिलेला अर्ज देऊन. कक्षातल्या मुलीने तो नम्रपणे ठेवून घेतला. तिला त्या अर्जाचे काहीही करता येणार नव्हते. माझ्या मते तो घेतानाच तसे सांगायला हवे होते.

दोन नकारांच्या मधल्या काळात ताईंनी आणखी एक गोष्ट केली, जी असे नकार मिळालेले बहुतेक लोक करतात. चिडून त्यांनी दुसऱ्या दोन बँकांच्या कार्डांसाठी आणि एका झटपट कर्जाच्या ॲपवर अर्ज केले. तिन्ही फेटाळले गेले आणि त्या तिन्ही चौकश्या पत-अहवालात नोंदल्या गेल्या. स्वतः आपला अहवाल पाहिल्याने पतगुणांक, म्हणजे त्या अहवालावरून ठरणारा पतीचा आकडा, घटत नाही. पण थोड्या दिवसांत अनेक सावकारांनी तो मागवला, तर हा माणूस दारोदार कर्ज मागत फिरतो आहे असा अर्थ घेतला जातो.

दर सहा महिन्यांनी मर्यादावाढ मागत राहावी, हा सल्ला त्यांना एका अमेरिकेतल्या व्हिडिओतून मिळाला होता. तिथली दुकानाची कार्डे वेगळ्या प्रकृतीची असतात. त्यांतली बरीचशी फक्त त्याच दुकानात चालतात, मर्यादा लहान असते, आणि अनेक बँका मर्यादावाढीच्या विनंतीवर अशी तपासणी करतात की तिचा गुणांकावर परिणाम होत नाही. शिवाय मर्यादा वाढवण्यापूर्वी ग्राहकाची फेडण्याची ऐपत पाहणे तिथल्या २००९ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. तिथला सल्ला तिथे ठीक असेल. ऐरोलीतल्या बाईने तो जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नव्हता.

वेळही प्रतिकूल होती. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांवरील जोखीमभार १२५ वरून १५० टक्के केला. सोप्या शब्दांत सांगायचे तर कार्डावर दिलेल्या प्रत्येक रुपयामागे बँकेला आधीपेक्षा जास्त भांडवल बाजूला ठेवावे लागू लागले. ताईंची पहिली विनंती त्यानंतर तीनच महिन्यांनी गेली. काठावरच्या प्रकरणांकडे बँका तेव्हा बारकाईने पाहू लागल्या होत्या, आणि ताईंचे प्रकरण बँकेच्या नजरेतून काठावरचेच होते : नोंदलेला पगार चोवीस हजार, वापर ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात.

त्या माझ्याकडे आल्या नोव्हेंबर २०२४ मध्ये. ऑक्टोबरमध्ये सिडकोने ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ या योजनेत २६,००० घरांची नोंदणी सुरू केली होती. अकरा-अकरा महिन्यांच्या भाडेकरारांवर पाच घरे बदलून थकलेल्या या कुटुंबाने त्यात अर्ज केला होता. घर लागले तर कर्ज लागणार, आणि कर्जासाठी गुणांक किती असे कुणी तरी विचारले, तेव्हा ताईंना कळले की तो ६९१ आहे. कार्डाची मर्यादा वाढली की वापराची टक्केवारी घटेल आणि गुणांक सुधारेल, असे त्यांनी वाचले होते. गणित बरोबर होते. पण ते गणित बँकेला सांगून उपयोग नव्हता.

अहवालात काय निघाले

मी त्यांना पहिले काम सांगितले ते पूर्ण अहवाल काढण्याचे. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येक कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो आणि ही सोय २०१७ पासून आहे. तरीही लोक त्यासाठी पैसे भरतात किंवा कुठल्या तरी ॲपवर फक्त गुणांकाचा आकडा पाहून थांबतात. आकडा हा ताप आहे. आजार कुठे आहे ते आतल्या पानांवर असते.

ताईंच्या सिबिल अहवालात चार खाती होती. त्यांपैकी तीन स्वच्छ. चौथे खाते त्या विसरूनही गेल्या होत्या : २०१८ मध्ये एका वित्त कंपनीकडून दहा हप्त्यांवर घेतलेला फ्रिज. हप्ते फिटले होते, फ्रिज अजून चालू होता, परंतु खात्यापुढे थकबाकी ३५४ रुपये अशी नोंद होती आणि प्रत्येक महिन्याच्या चौकोनात, जिथे वेळेवर भरणाऱ्याच्या नावापुढे शून्ये असतात, तिथे उशिराच्या दिवसांचे तीन आकडी अंक होते. महिन्यामागून महिना, ओळीने. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

त्याचा माग काढायला दोन दिवस लागले. कारखान्याने पगाराची बँक बदलली तेव्हा ताईंनी जुने खाते बंद केले होते. फ्रिजचा शेवटचा हप्ता त्या खात्यातून वळता होताना परत गेला. ताईंनी आठवड्याभरात तो हप्ता रोखीने भरला आणि पावती घेतली. हप्ता परत गेल्याबद्दलचे ३०० रुपये आणि त्यावरचे ५४ रुपये जीएसटी मात्र खात्यावर राहून गेले, आणि काउंटरवर पैसे घेणाऱ्याने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. नंतरची पत्रे गेली जुन्या भाड्याच्या घरी आणि संदेश गेले बंद झालेल्या मोबाइल क्रमांकावर. ३५४ रुपयांसाठी एका नोकरदार बाईच्या नावापुढे वर्षानुवर्षे थकबाकीदाराची ओळ उभी राहिली आणि तिला ती दिसलीही नाही. इतकी वर्षे कर्ज खात्यात काढूनही मला याचा राग आला. शुल्क आकारणे कंपनीच्या हक्काचे होते हे मान्य. पण हप्ता घ्यायला माणूस समोर बसला असताना एक वाक्य बोलणेही तिचेच काम होते.

ताईंनी त्याच आठवड्यात ठाण्यातील शाखेत जाऊन ३५४ रुपये भरले. ना-देय दाखला मिळायला नऊ दिवस लागले. तो जोडून पतमाहिती कंपनीकडे दुरुस्तीची तक्रार केली. अशा तक्रारीचा निपटारा तीस दिवसांत व्हावा लागतो. तसे झाले नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेली ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रारीत या तरतुदीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. सव्विसाव्या दिवशी थकबाकी शून्य झाली आणि खाते ‘बंद’ असे दिसू लागले. मागच्या महिन्यांचे अंक तसेच राहिले, कारण पैसे खरेच उशिरा भरले गेले होते आणि झालेला इतिहास मागे जाऊन पुसता येत नाही. नवे कॅलेंडर वर्ष लागले असल्याने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा मोफत अहवाल काढला. गुणांक ७२२ झाला होता.

मर्यादा हवी कशाला

या टप्प्यावर मी ताईंना विचारले की तुमचा खरा खर्च एकोणतीस टक्केच आहे, मग मर्यादा वाढवायचीच कशाला. मला वाटत होते की मैत्रिणींची खरेदी थांबवली की प्रश्न मिटला. ताईंना हे पटले नाही, आणि विचार केल्यावर मलाही त्यांचेच म्हणणे योग्य वाटले. त्या म्हणाल्या, “काका, माझा पगार दुप्पट झाला, तरी त्यांच्या लेखी मी अजून चोवीस हजारांचीच आहे. सासऱ्यांना मागे रात्री अकरा वाजता दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा पन्नास हजार डिपॉझिट मागितलं आणि कार्डावर चार हजार शिल्लक होते.” मर्यादा ही खर्च करण्यासाठी नव्हे, तर अडीनडीला हाताशी असण्यासाठी हवी आहे, आणि ती आपल्या आजच्या मिळकतीला धरून असावी, ही त्यांची मागणी रास्त होती.

रकमेवर मात्र आमचे एकमत व्हायला वेळ लागला. त्यांना दीड लाख हवे होते. हातात येणाऱ्या पगाराच्या दुपटीपलीकडे मागू नये असे मी सुचवले. एकदम पावणेचारपट मागणी आली की अर्ज वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो अडचणीचा. शेवटी अर्जात एक लाख लिहायचे ठरले.

जानेवारीपासून तीन गोष्टी बदलल्या. मैत्रिणींची खरेदी बंद झाली, आणि हे सर्वांत अवघड होते, कारण त्यात पैशांपेक्षा संबंधांचा प्रश्न होता. एक मैत्रीण महिनाभर बोलत नव्हती. दुसरे म्हणजे बिल येण्याची वाट न पाहता १२ तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच ताई बरीचशी रक्कम भरू लागल्या, त्यामुळे स्टेटमेंटवर चार-पाच हजारच उरत. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ग्राहकांची माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला, १५ तारखेच्या आणि महिनाअखेरच्या स्थितीनुसार, पतमाहिती कंपन्यांना द्यावी लागू लागली; याचा फायदा असा की चांगला बदलही लवकर दिसू लागला. तिसरे, मिळकतीची नोंद. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचा खातेउतारा, फॉर्म १६ आणि नव्या पत्त्याचा नोंदणीकृत भाडेकरार असे सगळे कागद ताईंनी बँकेच्या वाशीतील शाखेत नेऊन दिले आणि पोच घेतली. स्टोअरमध्ये नव्हे, बँकेत.

याच सुमारास, फेब्रुवारीत, त्यांना एक फोन आला. समोरच्याला कार्डाचे शेवटचे चार अंक ठाऊक होते. “तुमची लिमिट वाढवण्याची रिक्वेस्ट मंजूर झाली आहे, आलेला ओटीपी सांगा,” असे तो म्हणाला. सहा महिन्यांपूर्वी आपण तो सांगितला असता, असे ताई स्वतः मला म्हणाल्या. मर्यादावाढीच्या प्रतीक्षेत असलेला माणूस अशा फोनला सर्वांत सहज बळी पडतो. मर्यादा वाढवण्यासाठी कोणतीही बँक फोनवर ओटीपी विचारत नाही. ताईंनी फोन ठेवला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तो क्रमांक कळवला.

एप्रिलमध्ये चौथी विनंती केली ती लेखी, बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे. पत्र इंग्रजीत गेले, पण आधी आम्ही ते मराठीत लिहून काढले, कारण काय म्हणायचे आहे ते आपल्या भाषेत आधी स्वच्छ व्हावे लागते. त्यातला मुख्य भाग असा होता : “माझे २०२१ मधील नोंदलेले उत्पन्न टाळेबंदीतील कपातीच्या काळातील आहे. सध्याच्या उत्पन्नाचे पुरावे आपल्या शाखेत जमा आहेत. मागील तीन बिलांत माझा वापर मर्यादेच्या पंधरा टक्क्यांपेक्षा कमी आहे. या आधारे मर्यादा एक लाख करावी. शक्य नसल्यास नकाराचे मुख्य कारण लेखी कळवावे.” शेवटचे वाक्य विचारपूर्वक घातले होते. नव्या कार्डाचा अर्ज फेटाळताना मुख्य कारण लेखी कळवण्याचे बंधन २०२२ च्या निर्देशांत होते. मर्यादावाढीची विनंती ही तंतोतंत तीच गोष्ट नव्हे, हे मला ठाऊक होते. पण ज्या ग्राहकाला तीन वेळा एका ओळीत परत पाठवले, त्याला कारण मागण्याचा नैतिक अधिकार आहेच. पहिल्या तीन नकारांपैकी एकात जरी ‘नोंदलेले उत्पन्न अपुरे’ किंवा ‘अन्य खात्यात थकबाकी’ एवढे तीन शब्द असते, तर ताईंचे सहा-सात महिने आणि तीन निष्फळ अर्ज वाचले असते. बँकेची खरी चूक मी इथे मानतो. मर्यादा नाकारणे तिच्या अधिकारात होते, आणि हाती असलेली माहिती पाहता ते चूकही नव्हते.

उत्तर एकोणीस दिवसांनी आले. ९०,००० रुपये मंजूर, आणि मर्यादा प्रत्यक्ष वाढण्यापूर्वी ॲपवर स्पष्ट संमती द्यावी. ताईंनी ॲपमधला तो मजकूर मला वाचून दाखवला आणि मगच होकार दिला. नव्या मर्यादेत त्यांचा पुढच्या महिन्याचा घरखर्च जेमतेम तेरा टक्के भरला. जूनमध्ये गुणांक ७५१ होता. हा सगळा फरक मर्यादा वाढल्यामुळे पडला, असे म्हणता येणार नाही. बराचसा तो ३५४ रुपयांची नोंद मिटल्यामुळे आणि वापर घटल्यामुळे मर्यादा वाढण्याआधीच पडलेला होता.

सिडकोच्या सोडतीत त्यांना घर लागले नाही. आता घणसोलीत एक जुनी सदनिका पाहिली आहे आणि गृहकर्जाचा अर्ज एका तिसऱ्याच बँकेत दिला आहे. तिथल्या अधिकाऱ्याने अहवाल चाळताना फ्रिजच्या खात्यावर बोट ठेवून विचारले की हे तीन आकडी अंक कसले. ताईंनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली आणि हप्त्याची जुनी पावती, ३५४ रुपयांची नवी पावती व ना-देय दाखला असे तीन कागद क्रमाने टेबलावर ठेवले. अधिकाऱ्याने तिन्हींच्या छायाप्रती घेऊन अर्जाला जोडल्या. निर्णय अजून यायचा आहे. कार्डाची वही चालू आहे, मात्र तिच्या नव्या पानांवर लाल शाईने आखलेला नावांचा रकाना आता नाही.